रोखा, कालवा आणि कोयता

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. शाळामास्तर म्हणून मींहि पुष्कळ वर्षें तोच इतिहास शिकविला. परंतु आज ज्या इतिहासाविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत लढाई अशी एकहि नाहीं. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. गेल्या सुमारें एकशें नव्वद वर्षांत तेथें संपत्ति कशी निर्माण झाली, ती कोणाच्या घरांत गेली, कोणाच्या उंबऱ्याशीं थबकली, आणि त्या ओघांत माणसामाणसांतील नातीं कशीं पालटलीं, एवढाच आजचा विषय. या अवधींत तेथील अर्थव्यवस्था तीन वेळां मुळापासून बदलली. प्रत्येक बदलाची एकेक खूण मला दिसते. पहिल्याची खूण कर्जरोखा, दुसऱ्याची कालवा आणि तिसऱ्याची ऊसतोडीचा कोयता.

प्रथम या मुलखाची ठेवण ध्यानांत घेऊं. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, मधून कऱ्हा. इंदापूर तालुक्याच्या अगदीं टोंकाला नरसिंगपूर येथें नीरा भीमेस मिळते. नद्यांनीं वेढलेला हा प्रदेश खरा, परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडल्यामुळें पावसाला पारखा. बाजरी आणि ज्वारी हीं येथील जुनीं पिकें. भीमथडीचीं तट्टें मराठी फौजेंत एके काळीं नांवाजलेलीं होतीं. बारामतीस बाबूजी नाईकांचें घराणें सावकारी आणि सरदारी या दोन्ही अंगांनीं थोर. आर्यांकरितां प्रसिद्ध असलेले कविवर्य मोरोपंत त्यांच्याच आश्रयानें तेथें राहिले. तात्पर्य, सावकार हा या मुलखाला नवा नव्हता. रयत कर्ज पूर्वींहि काढीत असे. मग एकोणिसाव्या शतकांत असें काय घडलें कीं, त्या कर्जाचा एवढा वणवा व्हावा?

पेशवाईंत गांवाचें जीवन वतनावर उभें होतें. पाटील-कुलकर्णी वतनदार, मिरासदार हा जमिनीचा वंशपरंपरेचा धनी, उपरी हा बाहेरून आलेला कुळवाडी, आणि सुतार, लोहार, चांभार, महार, मांग आदि बलुतेदार धान्याच्या वांट्यावर जगणारे. या व्यवस्थेंत समता नव्हती. कोणीं कोठें बसावें आणि कोणाची सावली कोठें पडावी, हें जन्मानेंच ठरत असे. परंतु मिरासीची जमीन सावकाराच्या देण्यापायीं सहसा परक्याच्या हातीं जात नसे, आणि देण्याघेण्याचा तंटा गोताच्या व पंचांच्या समोर सुटत असे.

१८१८ सालीं राज्य बदललें. नव्या सरकारच्या प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्याची मोजणी केली. रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या खंडाच्या सिद्धान्तावर त्यानें सारा बसविला. पुस्तकांत बिनचूक असलेला हा हिशेब शेतांत चुकला. आकार जड झाला, मोजणींत गोंधळ झाला, इंदापुरांत जमिनी पडीक पडल्या आणि कित्येक कुणबी निजामाच्या हद्दींत निघून गेले. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनीं नवी पाहणी हातीं घेतली आणि तिचा पहिला प्रयोग इंदापूर तालुक्यांत केला. शेतांचे नंबर पाडले, जमिनीची प्रत ठरविली, सारा हलका केला आणि तो तीस वर्षें वाढविणार नाहीं असें अभिवचन दिलें. १८४७ च्या संयुक्त अहवालानें हीच पद्धति पक्की होऊन सगळ्या मुंबई इलाख्यांत पसरली. आज ज्याला आपण सर्व्हे नंबर म्हणतों, त्याच्या घराण्याचें मूळ गांव इंदापूर.

या पाहणीनें रयतेचें हित झालें, हें निःसंशय. पडीक रानें वहितीस आलीं. परंतु तिच्या पोटांत दुसरी एक गोष्ट दडलेली होती. जमीन आतां एकट्या खातेदाराच्या नांवावर चढली. सारा ठरल्या तारखेस रोख भरावयाचा. नांवावरची जमीन विकतां येऊं लागली, आणि जी विकतां येते ती गहाणहि पडते. पूर्वीं सावकार पिकाकडे पाहून कर्ज देई. आतां तो जमिनीकडे पाहून देऊं लागला. पंचांच्या जागीं दिवाणी न्यायालय आलें. तेथें कागद बोलतो तें खरें. आणि कागद तर एकाच पक्षाला वाचतां येत होता. दुसरा पक्ष त्यावर नांगराची निशाणी करून मोकळा होत असे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याचें आयुष्य तीन वर्षांचें केलें. हेतु असा कीं, जुनीं देणीं रयतेच्या मानेवर पिढ्यान्‌पिढ्या राहूं नयेत. घडलें उलट. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेई. दयेच्या हेतूनें केलेला कायदा ज्याला वाचतां येत होता त्याच्याच उपयोगीं पडला.

याच सुमारास दूर अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. १८६१ पासून १८६५ पर्यंत तेथील कापूस विलायतेस जाईना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे १८६० पर्यंत सोलापुरास पोंचली होती, तेव्हां भीमथडीचा माल आणि मजूर दोन्ही बाजारास जोडले गेले. भाव चढले, पत वाढली, सावकारानें हात सैल सोडला. युद्ध संपलें आणि भाव कोसळले. कर्ज मात्र जागच्या जागीं राहिलें. त्यांतच इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ सालीं नवा सारा बसला, तो चढत्या भावांच्या आठवणींत ठरलेला. पुढील कांहीं वर्षांत शेजारच्या भीमथडी तालुक्यालाहि तीच वाढ लागली. सारा चढला, भाव उतरला, आणि सावकारानें गांठ आवळली. तीन दोर एकदम ताणले गेले.

१२ मे १८७५ हा सुप्याचा बाजारचा दिवस. सुपें हें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत होतें, आज तें बारामती तालुक्यांत आहे. शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरींतील हें प्रसिद्ध गांव. त्या दिवशीं जमलेल्या रयतेनें सावकारांचीं घरें आणि दुकानें गांठलीं. हा दंगा पुढें इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि नगर जिल्ह्यांतील तालुक्यांत पसरला. शेंकडों लोक पकडले गेले. परंतु या दंग्याचें वैशिष्ट्य असें कीं, लोकांना हवे होते ते रोखे आणि वह्या. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें हवालीं केले, तेथें बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाहीं. कागदांची होळी झाली आणि जमाव घरीं गेला. निरक्षर रयतेनें आपला शत्रु कोण हें अचूक ओळखलें होतें. सावकारांत गुजर-मारवाडी व्यापाऱ्यांचा भरणा होता म्हणून कोणी या दंग्याला जातीचा तंटा म्हणेल. परंतु जळाला तो कागद, आणि कागदाला जात नसते.

सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशानें रोख्यावरचा आंकडा प्रमाण न मानतां त्याच्या मागें जावें, मूळ रक्कम किती आणि व्याज किती हें उकलून पाहावें, असें त्यांत सांगितलें. हें तत्त्व मोठें आहे. त्याची आठवण मी शेवटीं पुन्हां काढणार आहें. या कायद्यामुळें बाहेरचा सावकार सावध झाला आणि कर्ज देईनासा झाला. मग त्याची जागा कोणीं घेतली? कित्येक ठिकाणीं गांवांतल्याच सधन कुणब्यानें. सावकारी नाहींशी झाली नाहीं, तिनें फक्त पागोटें बदललें. एकजिनसी भासणाऱ्या कुणबी समाजांत धनको आणि ऋणको अशी नवी भेग पडली.

आतां दुसऱ्या खुणेकडे वळूं. १८७६ ते १८७८ हा दक्षिणेंतील घोर दुष्काळाचा काळ. त्या धड्यांतून नीरेच्या डाव्या कालव्याचें काम निघालें. पुरंदर तालुक्याच्या सीमेवर वीर येथें नदीला बांध घालून कालवा काढला. १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें. त्याला पुरवठा करण्यासाठीं वेळवंडी नदीवर भाटघरचें धरण बांधलें, तें १८९२ सालीं पुरें झालें. पुरंदर, बारामती आणि इंदापूर हे तीन तालुके या कालव्यानें ओंवले गेले.

पाण्याचा धर्म सर्वांना ठाऊक आहे. तें उताराकडे जातें. कालव्याची रेषा एकदां आंखली कीं तिच्या आणि नदीच्या मधलें रान बागायत, आणि तिच्या वरचें रान जिराईत. या रेषेनें एका तालुक्याचे दोन तालुके केले. माळेगांवची काळी जमीन भिजली. सुपें आणि मोरगांव वरच्या अंगास राहिलीं. ज्या सुप्यानें सबंध हिंदुस्थानाचें लक्ष दक्षिणेंतील रयतेच्या दैन्याकडे वेधलें, त्या सुप्याला कालव्याचा थेंब मिळाला नाहीं. यांत कोणाचा कपटभाव नव्हता. उंचसखलपणाचा तो हिशेब होता. परंतु निसर्गानें केलेली इंच-दोन इंचांची चढउतार जेव्हां पैशांत रूपांतर पावते, तेव्हां ती माणसामाणसांतील चढउतार होते. एकाच आजोबाचे दोन नातू, एकाचें शेत पाटाखालीं आणि दुसऱ्याचें पाटावर; दोन पिढ्यांत त्यांच्या घरीं सोयरीक जुळणेंहि अवघड झालें.

कालव्याचें पाणी प्रथम पडून राहिलें, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. पाऊस बरा झाला कीं बाजरीसाठीं पाणीपट्टी कोण भरणार? आणि दुष्काळ पडला कीं सर्वांनाच एकदम पाणी हवें. यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं या कालव्यावर फाळ्यांची पद्धति, म्हणजे ज्याला लोक ब्लॉक म्हणूं लागले ती, घालून दिली. शेतकऱ्याला वर्षानुवर्षें ठराविक पाण्याची हमी, आणि ब्लॉकाच्या थोड्याच भागांत ऊस. बाकीच्यांत भुसार पिकें. पाणी थोडक्यांच्या उसांत मुरूं नये, पुष्कळांच्या शेतांवर पसरावें, असा त्यांतील विचार होता. परंतु उसाची गोडी विचाराला पुरून उरली.

ऊस हें गरिबाचें पीक नव्हे. लागणीपासून तोडणीपर्यंत वर्ष-दीड वर्ष खतपाणी आणि मजुरी अंगावर घ्यावी लागते. हें कसब आणि हें भांडवल प्रथम आणलें तें सासवडच्या माळ्यांनीं. त्यांनीं कालव्याखालील जमिनी खंडानें घेतल्या, पुंड्या ऊस लावला, गुळाच्या ढेपा पुण्याच्या पेठेंत धाडल्या. पुढें त्यांतीलच कर्त्या मंडळींनीं १९३२ सालीं अकलूजजवळ माळीनगर येथें आपला साखर कारखाना उभारला. ज्याला बी-बियाणें झेपत नव्हतें असा लहान शेतकरी खंड घेऊन बाजूस सरला, आणि प्रसंगीं स्वतःच्याच रानांत रोजानें खपूं लागला. १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आणि १९११ सालीं मुंबईस निघालेली सहकारी बँक यांनीं नीरा कालव्यावरील ऊसकऱ्यांना स्वस्त कर्ज दिलें, तेव्हां स्थानिक मराठे शेतकरीहि ऊस पिकवूं लागले. पण पत जमिनीवर मोजली जाई. ज्याची जमीन नाहीं, त्याची पत नाहीं.

पाण्यानें आणखी दोन गोष्टी केल्या. अति भिजवणीनें सखल रानें चोपण झालीं, वर पांढरा खार फुटला. नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींवर हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनीं १९१० सालींच लिहून ठेवलें आहे. दुसरी गोष्ट बलुतेदारांची. पाटाचें पाणी आलें तेथें मोट थांबली. मोट शिवणारा चांभार, तिचा नाडा वळणारा मांग आणि गाडा करणारा सुतार यांचा धान्याचा वांटा हळूहळू सुटला. उसाचा लांकडी घाणा जाऊन लोखंडी चरक आला, नांगरहि लोखंडी झाला. बलुत्याची अपमानकारक बांधणी तुटली, हें चांगलेंच झालें. परंतु तिच्या जागीं त्यांना ना जमीन मिळाली, ना पाणी. मोकळे झाले ते केवळ मजुरीसाठीं.

१९३२ सालीं सरकारनें देशी साखरेला संरक्षक जकात दिली. त्यानंतर इंदापूर तालुक्यांत कळंब येथें शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगांनीं साखर कारखाना आणि अफाट ऊसमळा उभा केला. माळरानावर वालचंदनगर वसलें. त्यासाठीं शेंकडों शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें गेल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्यानें खासगी कारखान्यांचे मळे सरकारनें घेतले आणि १९६३ सालीं शेती महामंडळ स्थापन झालें. परंतु मूळ मालक, ज्यांना खंडकरी म्हणतात, त्यांना आपली जमीन परत मिळण्यास एकविसाव्या शतकाचें दुसरें दशक उजाडावें लागलें. आजोबानें अंगठा केला आणि नातवाच्या हातीं उतारा आला.

मग सहकारी कारखान्यांचें युग आलें. प्रवरानगरचा दाखला घेऊन १९५० नंतर माळेगांव, भवानीनगर आणि सोमेश्वरनगर येथें शेतकऱ्यांनीं स्वतःच्या भागभांडवलावर कारखाने उभारले. ज्यांच्या पणजोबांनीं रोखे जाळले, ते आतां कारखान्याचे भागधारक झाले. मुलामुलींसाठीं शाळा-महाविद्यालयें निघालीं, रस्ते झाले, दवाखाने झाले, दुधाचे धंदे वाढले. माझ्यासारख्या कित्येक शाळामास्तरांचा पगार ज्या समृद्धीवर चालला, तिला नांवें ठेवण्याचा माझा मुळींच उद्देश नाहीं. हा इतिहास खरोखर अभिमानास्पद आहे. पण सभासद होण्यास ऊस लागतो, उसाला पाणी लागतें आणि पाण्याला जमीन. १९५८ च्या कायद्यानें महारवतन गेलें, जन्मजात वेठ संपली. तथापि भागाचा दाखला कपाटांत ठेवण्यासाठीं जें शेत हवें होतें, तें बहुतेकांपाशीं नव्हतेंच. इंदापुरांत याच ओघांत आणखी एक घाव बसला. १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें. त्याच्या जलाशयानें कांठचीं जुनीं गांवें आणि त्यांच्या पिढीजात काळ्या जमिनी पोटांत घेतल्या. दुष्काळांत पाणी ओसरलें कीं जुन्या पळसदेवचें मंदिर अजून वर दिसतें. पाणी कोणाचें गेलें आणि कोणाला मिळालें, याचा तो दगडी ताळेबंद आहे.

आणि आतां तिसरी खूण, कोयता. कार्तिक लागला कीं बीड, नगर आदि दुष्काळी भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या या दोन तालुक्यांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असें मोजमाप आहे. माणसाला हत्याराच्या नांवानें मोजणारी दुसरी जागा मला ठाऊक नाहीं. हंगामापूर्वीं मुकादमाकडून त्यांना उचल मिळते. ती लग्नांत, आजारपणांत, पावसाळ्याच्या पोटापाण्यांत संपते. मग उरते ती फेड. पहांटेच्या थंडींत, पाचटाच्या कोप्यांत, कडेवर मूल घेऊन. हंगाम संपतांना हिशेब होतो, आणि फिरलेली बाकी पुढच्या सालावर चढते. उचलीचा आंकडा कोणाच्या वहींत आहे आणि तो कोणाला वाचतां येतो, हा प्रश्न १८७५ सालीं जितका खरा होता तितकाच आज खरा आहे.

मीं हा इतिहास ग्रंथांत वाचण्यापूर्वीं शाळेच्या हजेरीपटांत वाचला. दिवाळीनंतर पटावर नवीं नांवें चढत. दप्तर नसलेलीं, पाठीवर लहान भावंड घेतलेलीं मुलें मागच्या रांगेंत येऊन बसत. गुढीपाडव्याच्या आगेमागें तीं नांवें एका आठवड्यांत लाल शाईनें कापावीं लागत. एका मुलीची बेरीज फार चोख होती. मीं तिला विचारलें, "एवढी बेरीज कोठें शिकलीस?" ती म्हणाली, "गुरुजी, बाबांच्या खेपा मीच मोजते. मुकादम चुकवतो." दुसऱ्या वर्षीं ती आली नाहीं. त्या वेळीं मीं तिचें नांव नियमाप्रमाणें कापलें. आज वाटतें, निदान ती कोणत्या गांवची हें तरी विचारावयास हवें होतें. साखरशाळा निघाल्या, कायदे झाले, आतां ऊस तोडणारीं यंत्रेंहि शेतांत दिसूं लागलीं आहेत. यंत्र आल्यावर त्या मोट शिवणाऱ्या चांभाराप्रमाणें हा कोयताहि मोकळा होईल. कशासाठीं मोकळा, याचा विचार आजच कोणीं तरी करावयास हवा.

श्रोतेहो, या तिन्ही खुणांतून मला एकच गोष्ट दिसते. नवी संपत्ति आली कीं जुनीं बंधनें तुटतात, यांत शंका नाहीं. मिरासदार-उपरी हा भेद गेला, बलुतें गेलें, जन्मजात वेठ गेली. परंतु नव्या संपत्तीबरोबर तिची एक किल्लीहि येते. कधीं ती वाचतां येणारा रोखा असते, कधीं पाटाखालची जमीन, कधीं कारखान्याचा भाग. बदलाच्या पहिल्या दिवशीं ती किल्ली ज्याच्या हातीं असते, तो पुढें जातो. आणि दोन पिढ्यांनंतर त्याला वाटूं लागतें कीं, आपण केवळ कष्टानें पुढें आलों. कष्ट खरेच असतात. पण कष्ट पाटावरच्या भावानेंहि केलेले असतात, आणि कोयत्यानें तर सर्वांत अधिक.

१८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशाला सांगितलें होतें कीं, कागदावरच्या आंकड्यावर थांबूं नको, त्याच्या मागें जा. ती शिकवण या मातींतल्या रयतेच्या दुःखांतून निघाली. सुप्याच्या बाजारांत ज्यांनीं तें दुःख भोगलें त्यांचे वंशज आज ऊसबागायतदार आहेत, आणि त्यांच्याच फडांत कोयत्याची उचल फिटत आहे. त्या उचलीच्या आंकड्यामागें जाऊन पाहण्याचा पहिला अधिकार कायद्याचा खरा. परंतु पहिलें कर्तव्य मात्र ज्यांच्या घराण्याला रोख्याची आंच ठाऊक आहे त्यांचेंच आहे, असें माझें नम्र मत आहे.